आईचा फोटो बिघडण्याची कारणे

नंदुरबार,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप वाहरूभाऊ यांचे चरणी धाकट्या धुडकूचा दंडवत.

इकडे आई, मी, घरातली मंडळी आणि मुले खुशाल आहोत. तिकडे तुम्ही, वहिनी आणि मुले खुशाल आहात असे धरून चालतो, कारण तुमच्या चार पानी पत्रात प्रकृतीविषयी एक ओळही नाही. आईने ते पत्र मला पुन्हा पुन्हा वाचायला लावले आणि दर वेळी शेवटी विचारले, तब्येतीचे कोठे आहे? अखेर मी पदरचे एक वाक्य घातले की भाऊंचा खोकला आता बरा आहे. (तुम्हाला खोकला झाला होता की नाही हे मला ठाऊक नाही. आईला ते वाक्य आवडले. आता दर वाचनात ते आठवणीने म्हणावे लागते, आणि काल तिने विचारले की बरा झाला तर औषध कोणते घेतले. तेवढे कळवावे.)

तुमचा राग रास्त आहे. दिवाळीला पाठवलेल्या फोटोत आईचे डोळे मिटलेले आहेत, हात जोडलेले आहेत आणि मान एका बाजूला कलली आहे. तो तुम्ही चौकट करून जबलपूरच्या घरी लावला, शेजारच्या तारबाबूंनी तुमच्याकडे सुतकाची चौकशी केली आणि त्यांच्या बायकोने हार आणून दिला, हे वाचून मला फार ओशाळल्यासारखे झाले. आईला वाचून दाखवताना हा भाग मी गाळणार होतो. पण पत्र ऐकताना ती कागदाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. गाळता येत नाही. ऐकून ती पोट धरून हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “डोया झाकायनात म्हणून मी मरेल शे का? त्याले लिख, ईसन नाडी देख.” तेव्हा येऊन नाडी बघावी. (आपण दोघे शाळेत शिकलो तसे पुस्तकी लिहितो. आईचे नेमके शब्द जिथे हवेत तिथे मात्र ते आहेत तसेच लिहिणार आहे. तिथे तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर तुम्हाला तिचा आवाज ऐकू येणार नाही.)

तुमची मागणी मी विसरलेलो नाही. वडील गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा माझ्या हाती आला तो नंतर. आता त्यांचा चेहरा आठवायला बसले की तुम्हाला त्यांचे पागोटेच आठवते असे तुम्ही लिहिले आहे. मला त्यांचा आवाज आठवतो, चेहरा नाही. म्हणून आईचे तसे होऊ नये. रजा मिळत नाही तर निदान तिची एक बरी तसबीर समोर असावी, रोज कामावर निघताना दिसावी, असे तुमचे म्हणणे. हे वाक्य मी जरा घाईने वाचले. आईने डाळ निवडायला घेतली. (माझ्या लग्नाला तुम्ही आलात आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेलात. माझा थोरला आता मराठी तिसरीत आहे. रेल्वेच्या माणसाला पास मिळतो असे मी ऐकून होतो. ते खोटे असेल.)

पत्राची उरलेली तीन पाने तुम्ही फोटो चांगला कसा काढावा यावर खर्च केली आहेत. मासिकातला तो लेख तुम्ही बारकाईने वाचलेला दिसतो. उजेड एका बाजूने यावा. मागे रंगवलेला पडदा नसावा. बसणाऱ्याला बोलते ठेवावे. त्याला त्याच्या नेहमीच्या कामात टिपावे. सगळ्यात उत्तम म्हणजे त्याला न कळत टिपावे. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि शेवटी म्हणाली, वाहरूला किती कळते. तुम्ही आजवर कॅमेऱ्याला हात लावलेला नाही हे मी तिला सांगितले नाही.

पण मला फोटो काढता येत नाही असा समज करून घेऊ नये. तसा काही प्रमाणात झालेला दिसतो. मान्य आहे की माझा स्टुडिओ म्हणजे मिरचीच्या वखारीमागची एक खोली. मान्य आहे की माझ्या पडद्यावर कारंजे आहे, त्याच्या शेजारी हंस आहे आणि तो हंस बदकासारखा दिसतो. (रंगाऱ्याने बदकच पाहिले होते.) लोकांना तेच हवे असते. म्हसावदचे एक पाटील बैलजोडी घेऊन आले आणि बैलांना कारंज्यासमोर उभे करा म्हणाले. एक बैल आत आला. दुसरा दारात अडकला. तो फोटो दीड बैलाचा आहे आणि पाटलांच्या ओसरीत आजही आहे. पण मागल्या साली मी एक असा फोटो काढला की तो माझा मलाच खरा वाटेना. या वखारीत मिरचीच्या हंगामाला डोंगरातून माणसे येतात. त्यांत फुलीबाई म्हणून एक आहे, आईच्याच वयाची, आणि आता आईची जिवाभावाची. तिचा मुलगा करमसिंग होळी करून सुरतेला परत कामावर निघाला होता. जाताना म्हणाला, आईचा एक फोटो द्या. फुलीबाई पडद्याकडे पाठ करून बसली, म्हणजे माझ्याकडे तोंड करून बसली, आणि हललीच नाही. डोंगरातली माणसे बसली की बसतात. काचेवर तिच्या कपाळाची एक एक सुरकुती उतरली. करमसिंगाने तो फोटो फडक्यात गुंडाळून नेला. मी पाठीमागून पाहत राहिलो. एवढा चांगला फोटो माझ्या हातून पुन्हा होईल की नाही, ही धाकधूक तेव्हापासून आहे.

म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, काचांचा नाही आणि माझाही सगळा नाही. आता कारणे सांगतो.

पहिले डोळ्यांचे. माझा कॅमेरा जुना, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा राहणारा. मी काळ्या फडक्यात डोके घालतो, काच बसवतो, बाहेर येतो, भिंगावरचे झाकण काढतो, मनात आकडे मोजतो आणि झाकण परत लावतो. झाकण काढले की आई हात जोडते आणि डोळे मिटते. मी विचारले, असे का? ती म्हणाली की देवापुढचा पडदा सरकवला की हात जोडायचे असतात, हेही तसेच. मी म्हटले, आई, हा देव नाही, हे भिंग आहे. ती म्हणाली, तू त्याच्यापुढे पदरात डोके घालून उभा राहतोस, मग मी काय समजायचे? तुमचे पत्र आल्यावर मी झाकण न काढता काढल्याचा आव आणला, म्हणजे ती हात जोडील, डोळे मिटील आणि उघडील, तेवढ्यात खरे झाकण काढता येईल. तिने डोळे मिटले आणि विचारले, “व्हयनं का?” मी नाही म्हटले. ती मिटूनच राहिली. मी हो म्हटले तेव्हा उघडले, आणि मी झाकणाला हात लावताच पुन्हा मिटले. एवढी नजर तिला आहे. सुईत दोरा मात्र मला ओवून द्यावा लागतो.

मग एका बाजूचा उजेड. माझ्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती पथारीकडे, मिरची वाळत घालतात तिकडे, उघडते. (तुम्ही गेलात तेव्हा पथारी गावाबाहेर होती. आता मिरची इतकी येते की वखारीमागच्या मोकळ्या जागेतही वाळत पडते.) हंगामात ती खिडकी मी उघडत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून पाणी येते आणि फोटोत तो नुकताच रडलेला दिसतो. लग्नाच्या फोटोला ते चालते, इतर फोटोंना चालत नाही. पण तुमचा शब्द. खिडकी उघडली. आईला बाजूने बसवले. मागे पडद्याऐवजी वाकळ टांगली, म्हणजे साधी पार्श्वभूमी. खरे सांगतो, उजेड सुंदर पडला. अर्धा चेहरा उजळला, अर्धा सावलीत राहिला, आणि मला प्रथमच दिसले की तुमचे नाक आईचे आहे. मी झाकण काढले. आईने शिंक दिली. तशी शिंक मी आजवर ऐकलेली नाही. वाकळ हलली. काचेवर एक मोठा ढग उतरला आहे आणि त्याखाली आईच्या बांगड्या स्पष्ट दिसतात. मी दुसरी काच लावली. दुसरी शिंक. तिसरीला मीच शिंकलो आणि तिकाटणे लाथाडले. (तेव्हाच माझ्या मनात यायला हवे होते. आईने आयुष्यभर मिरची खुडली आहे. आपण शिंकत शिंकत अंगणात लोळायचो आणि ती त्याच हाताने भाकरी थापायची. तिला मिरचीने शिंक आलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी नाही. पण माणूस कामात असला की असे साधे प्रश्न सुचत नाहीत.)

मग बोलते ठेवण्याचा नियम. त्यासाठी मला कष्ट पडले नाहीत. मी फक्त म्हणालो की भाऊ लहानपणी कसा होता. आई सुरू झाली. तुम्ही रूळ कोठे जातात ते पाहायला निघालात ती गोष्ट. रुळावरून चालत चालत तुम्ही कुठवर गेलात ते ती हाताने दाखवते, मग गँगमनने तुम्हाला कसे खांद्यावर घातले ते दाखवते, मग तो दारात कसा उभा राहिला ते उठून दाखवते. मी फोटो काढतो आहे हे ती विसरली, आणि मला वाटले की आता जमले. काच धुतल्यावर पाहिले तर आईला तीन तोंडे आहेत आणि हातांच्या जागी पंख. तिला ती काच दाखवली. ती म्हणाली, बरा आहे, हाच पाठव. मी पाठवला नाही. वहिनी धार्मिक आहेत, त्यांनी त्या फोटोची पूजा मांडली असती. गोष्टीच्या शेवटी आई एक वाक्य बोलली ते मात्र लिहितो. ती म्हणाली, “तव गँगमननी आनी दिधा.” आणि खाली बसली. तेव्हाही ती थोडी हलली, नाहीतर तो फोटो चांगला होता.

नेहमीच्या कामात टिपण्याविषयी तुम्ही विशेष आग्रहाने लिहिले होते. आई अजून देठ खुडायला पथारीवर जाते. नको म्हटले तरी जाते. घरी बसले की हात दुखतात म्हणते. फुलीबाईच्या शेजारी बसून दोघी बोलत बोलत खुडतात. मी कॅमेरा तिकडे नेला. ऊन चांगले होते. मिरचीचा ढीग आईच्या डोक्याएवढा होता आणि तिने त्या दिवशी चक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहिले. मी आनंदात काच धुतली. भाऊ, तुम्हाला माहीत असेल नसेल, या काचांना लाल रंग दिसत नाही. म्हणून तर आम्ही लाल कंदिलाच्या उजेडात काच धुतो. जे लाल ते फोटोत काळे. हे मला माहीत आहे, मी ते शिकाऊ पोरांना सांगतो, आणि तरीही मिरचीचा ढीग लाल असतो हे माझ्या लक्षात आले नाही. डोळ्यांपुढे जन्मभर असलेला रंग कोण पाहतो? फोटोत आई कोळशाच्या ढिगात बसली आहे. हातात कोळसा, पदरात कोळसा, मागे कोळशाची टेकडी. एखादे इंजिन भरले तरी उरेल. हा फोटो मी तुम्हाला, रेल्वेच्या माणसाला, कोणत्या तोंडाने पाठवू? तुमच्या साहेबांनी पाहिला असता तर तुम्ही आईला कोळशाच्या यार्डात कामाला लावले असा बोभाटा झाला असता. आईला मी तो दाखवला तेव्हा तिचे समाधान झालेले दिसले. इतके की मला चमत्कारिक वाटले. ती म्हणाली, “हाऊ धाड. वाहरू देखी तं कासावीस व्हई.” मी म्हटले, हा पाठवून कासावीस कशाला करायचे? ती म्हणाली, नाही तर नको. आणि भाकरी टाकायला उठली.

शेवटी न कळत टिपण्याचा उपाय उरला. हा उपाय ज्याने मासिकात लिहिला त्याच्याकडे खिशात मावणारा कॅमेरा असणार. माझा कॅमेरा उभा केला की शेजारच्या गल्लीतली पोरे गोळा होतात. तरी मी युक्ती केली. परवा दुपारी अंगणात दोरीवर दोन वाकळी वाळत घातल्या होत्या. त्यांच्या मागे कॅमेरा उभा केला, दोन वाकळींच्या फटीतून भिंग बाहेर काढले, समोरच्या बाजेवर नेम धरला आणि मी काळ्या फडक्यात शिरलो. जेवण झाल्यावर आई रोज त्या बाजेवर टेकते. आई आली, टेकली, आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी वाट पाहिली. माझ्या अंगाचे पाणी पाणी झाले. शेवटी निराश होऊन एक काच पाठीचीच घेतली. (ती काच धुतली आहे. फार सुरेख आली आहे. लुगड्याचा धागा न् धागा दिसतो. एवढी स्थिर ती फक्त पाठमोरी बसते.) मी काचेची चौकट उलटून दुसरी बाजू लावली, कारण दोन काचा एकाच चौकटीत असतात, आणि फडक्यातून बाहेर येणार तोच फुलीबाई आली. ती आईसमोर, म्हणजे अंगणाच्या पलीकडच्या बाजूला न बसता अलीकडे, माझ्या बाजूला, खाली बसली. त्यामुळे आईला वळावे लागले. मग मी आतच राहिलो. चोरून ऐकायचा विचार नव्हता. फडक्याला दार नसते, एवढेच.

फुलीबाई रडवेली होती. ती म्हणाली, “होळी व्हई गयी. करमसिंग ऊना नही.”

आई म्हणाली, “काम व्हई त्याले.”

“दर होळीले येत व्हता, बाई. औंदा सांगावा धाडा. म्हणे, आठवण ऊनी का तसबीर देखी लेस. तुन्हा पोऱ्यानी तसबीर भारी काढी ना.”

“तेच तं,” आई म्हणाली. “म्हनीसन मी डोया झाकस.”

फुलीबाई रडता रडता हसली. “आन् शिंक?”

“नाकमा काडी घाली व्हती.”

मग दोघी हसल्या. मी फडक्यात उभा होतो आणि माझे काय व्हावे ते मला कळत नव्हते. मग आई जे बोलली ते लिहितो, आणि त्यात माझे एकही अक्षर नाही. “चांगला फोटो गया म्हणजे वाहरू कसाले येई? भीतवर टांगी, हात जोडी, व्हई गयं. वाईट गया तं चार पाने चिठ्ठी ऊनी. आखो वाईट गया तं तोच ई.”

भाऊ, हा तिचा हिशोब. आणखी बिघडला की तुम्ही स्वतःच याल. मी त्यात चूक शोधली, मला सापडली नाही. दिवाळीचा फोटो बिघडला म्हणून तुमचे एवढे लांब पत्र आले. त्याआधी कितीतरी वर्षे तुमची खुशालीची दोन ओळींची कार्डे येत होती. आणि ज्या एका फोटोचा मला अभिमान वाटत होता, त्याने फुलीबाईचा मुलगा सुरतेत धरून ठेवला. मी तो फोटो मन लावून काढला होता. आता वाटते की जरा कमी मन लावायला हवे होते.

एवढे बोलून आईने हात मांडीवर ठेवले. वाकळीच्या बाजूने ऊन तिरपे येत होते. मागे शेणाने सारवलेली भिंत होती, तिच्यावर काही नव्हते. आई आपल्या जागी होती, आपल्या माणसाजवळ होती, कोणी पाहते आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिने मान वर केली आणि डोळे उघडे ठेवून समोर पाहिले. समोर काही नाही, वाकळींच्या वर वखारीची भिंत आहे. तिच्या पलीकडे स्टेशन. मी फटीतून हात घालून झाकण काढले. मोजले. झाकण लावले. तुमचे सगळे नियम बरोबर आहेत हे मी आता कबूल करतो. ते सगळे एकाच वेळी जमून यावे लागतात, एवढेच. आणि बसणाऱ्याने कोणाची तरी वाट पाहत असावे लागते. हे मासिकात दिलेले नाही.

त्या काचेचे पुढे काय झाले ते लिहीत बसत नाही. फोटो पाठवता येत नाही, इतकेच समजावे. रजेचे तुमचे तुम्ही जाणता. मी धाकटा आहे, सांगण्याचा अधिकार माझा नाही, आणि मी काही मागतही नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांनी काकाला ओळखावे म्हणून माझा स्वतःचा एक फोटो या पत्रात घालणार होतो, पण फोटो पाठवायची मला आता भीती वाटू लागली आहे. त्यांना आशीर्वाद.

तुमचा,
धुडकू

ता. क. एक काम होते. लाल रंगही ज्यांना दिसतो अशा नव्या काचा आता मोठ्या गावांतून मिळतात असे ऐकतो. तेवढ्या मिळाल्या तर आई मिरचीत बसली आहे की कोळशात, हा घोळ मिटेल. जबलपुरात चौकशी करावी. मात्र पोस्टाने पाठवू नयेत, फुटतात. पार्सलाने पाठवू नयेत, तेही आपटतात. कोणाबरोबर धाडू नयेत, लोक पेटी उघडून पाहतात आणि उजेड लागून सगळे जाते. घरच्याच माणसाने मांडीवर घेऊन याव्या लागतात.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात आई आली, म्हणून वरचे अर्धवट पुरे करतो. ती काच फुटलेली नाही आणि बिघडलेलीही नाही. काल धुऊन खिडकीपाशी उभी करून ठेवली होती. आईने ती कडेला धरून उचलली आणि उजेडासमोर धरली. (धुतलेल्या काचेवर सगळे उलटे असते. पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे. कागदावर छापली की सरळ होते.) मला वाटले, चोरून काढला म्हणून आता बोलणी बसणार. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “केस काया शेतस मन्हा.” मी सांगितले की काच अशीच असते. ती म्हणाली, “वाहरूनी माले आशीच देखेल शे.” तिने विचारले, छापल्यावर केस पांढरे होतील का? मी म्हटले, होतील, जसे आहेत तसे. तिने काच जपून जागेवर ठेवली आणि म्हणाली, “मंग छापू नको. वाहरू ई तवलोंग कायाच राहू दे.”

तेव्हा तुम्ही येईपर्यंत छापणे थांबले आहे. काच काळ्या कागदात गुंडाळून ठेवली आहे. छापायला उन्हाचा उजेड लागतो, म्हणून सकाळच्या गाडीने यावे.